संघाची यादी फलकावर लागण्यापूर्वी : शालेय खेळांत समान संधी कशी जपावी

कोल्हापुरात खेळाला घरातल्या माणसासारखी जागा आहे. पहाटे तालमीच्या हौद्यात उतरणारा मुलगा असो किंवा शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या संघासाठी घसा कोरडा करणारे आजोबा असोत, मैदान सर्वांचे असते असे दोघांनाही मनापासून वाटते. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून मीही अनेक वर्षे तसेच मानत होतो आणि पालकसभांत तसेच सांगतही होतो. मात्र फलकावर लागणाऱ्या यादीत कोणत्या वस्तीतली, कोणत्या घरांतली नावे वर्षानुवर्षे येतात आणि कोणती कधीच येत नाहीत, हे मी मोजले नव्हते. मोजल्यावर कळले की चाचणीची सूचना कोणत्या तुकडीत वाचली गेली, गावाकडे जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते, बूट कोणाकडे आहेत आणि शिक्षकाच्या मनात कोणत्या मुलाविषयी कोणता ग्रह बसला आहे, यांवरून अर्धा संघ शिट्टी वाजण्यापूर्वीच ठरलेला असतो.

अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत हा प्रश्न वंशाच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे तो जात, गरिबी, मुलगी असणे, वाडीचे अंतर आणि कातडीचा रंग अशा अनेक वाटांनी येतो. या दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणणार नाही, कारण त्यांचे इतिहास वेगळे आहेत. परंतु भेदभाव कोणत्या टप्प्यावर शिरतो आणि तो कसा पकडावा, याचा त्या देशांकडे मोठा लिखित अनुभव आहे, आणि आपल्या शाळेत वापरता येईल असे त्यात बरेच काही आहे. हे मार्गदर्शन प्रामुख्याने क्रीडाशिक्षक, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीतील पालक यांच्यासाठी लिहिले आहे.

सुरुवात वहीपासून करावी

जून महिन्यात, चाचण्यांच्या आधी, एक दोनशे पानी वही घ्यावी आणि प्रत्येक खेळासाठी पाच रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात चाचणीला आलेली मुले, दुसऱ्यात संघात निवडलेली, तिसऱ्यात सामन्यात प्रत्यक्ष उतरलेली आणि ती किती मिनिटे खेळली याची नोंद, चौथ्यात ती कोणत्या जागेवर खेळली आणि पाचव्यात मध्येच खेळ सोडून गेलेली मुले व त्यांनी सांगितलेले कारण लिहावे. वर्षाच्या शेवटी या नावांसमोर प्रवर्ग, मुलगा की मुलगी आणि राहण्याचे ठिकाण या तीन गोष्टी जोडाव्यात. ही माहिती शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आधीच असते, त्यामुळे ती कार्यालयात बसून शांतपणे घ्यावी. वर्गात मुलांना उभे करून प्रवर्ग विचारणे ही त्या मुलांवर केलेली इजा आहे. भेदभाव शोधण्याच्या नावाखाली तीच इजा पुन्हा करू नये. नावांची वही कुलपात ठेवावी आणि शिक्षकांच्या बैठकीत फक्त बेरजा मांडाव्यात.

या बेरजा शाळेतील एकूण प्रमाणाशी ताडून पाहाव्यात, आणि मुख्य म्हणजे फरक कोणत्या रकान्यात पडतो ते पाहावे. पहिल्याच रकान्यात एखाद्या वस्तीतील मुले दिसत नसतील, तर दोष सूचनेत, वेळेत किंवा अंतरात आहे. ती चाचणीला येतात पण दुसऱ्या रकान्यात गळतात, तेव्हा निवडीची पद्धत तपासायला हवी. संघात नाव आहे पण मिनिटे नाहीत, याचा अर्थ प्रशिक्षकाचा विश्वास तिथवर पोहोचलेला नाही. आणि पाचवा रकाना भरत असेल, तर कारण बहुधा खर्चात किंवा संघातल्या वागणुकीत सापडते. मी पहिल्यांदा वही मांडली तेव्हा माझी समजूत होती की गळती होत असेल तर ती निवडीत होत असावी. प्रत्यक्षात एका मोठ्या वाडीतील मुले पहिल्या रकान्यातच नव्हती, कारण चाचणी शाळा सुटल्यावर ठेवली जात होती आणि त्यांची एसटी त्याच वेळी निघत होती. चाचणी सकाळच्या परिपाठानंतर घेण्याची व्यवस्था झाली, एवढ्या एका बदलाने पुढच्या वर्षी ती मुले मैदानावर दिसू लागली.

एका वर्षाच्या बारा-पंधरा नावांवरून मात्र निष्कर्ष काढू नये. लहान संख्येत एखाद-दोन मुलांच्या फरकाने प्रमाण बदलते, म्हणून किमान तीन वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्यात.

आपल्या जिल्ह्यात आणखी दोन गटांची नोंद वेगळी ठेवावी लागते. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड भागातील धनगरवाड्यांवरची मुले शाळेत येण्यासाठीच इतकी चालतात की पायांच्या खेळात ती बळकट असतात, पण सरावासाठी थांबली तर अंधारात घरी जावे लागते. दुसरा गट ऊसतोड कामगारांच्या मुलांचा आहे. साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मराठवाड्यातून आलेली ही मुले आपल्या पटावर येतात तोवर संघ ठरून गेलेले असतात. त्यांच्यासाठी दिवाळीनंतर दुसरी चाचणी ठेवावी आणि निदान शाळेच्या वार्षिक क्रीडामहोत्सवात तरी त्यांना पूर्ण संघसदस्य म्हणून उतरवावे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली होती. शाळेचे दार उघडे असणे पुरेसे नाही, तिथे पोहोचण्याची आणि राहण्याची सोय लागते, हे त्यांनी ओळखले होते. मैदानालाही हेच लागू आहे.

निवड करताना आपल्या मनातील ग्रह तपासावेत

कोल्हापूरहून बेळगाव ओलांडून काही तासांच्या अंतरावर, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ आणि यल्लापूरच्या रानात सिद्दी समाज राहतो. या लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. १९८० च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने एका विशेष योजनेखाली या समाजातील मुले निवडली, आणि त्यामागचा विचार उघड होता : आफ्रिकी वंशाची मुले उपजतच धावपटू असणार. त्यातील काहींनी राष्ट्रीय स्तरावर पदकेही मिळवली. परंतु १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला योजना गुंडाळली गेली आणि बहुतेक मुले आपल्या गावी परतली. वंशाविषयीच्या समजुतीवर उभी राहिलेली संधी त्या मुलांची मालमत्ता कधीच झाली नाही. ती देणाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून राहिली. एखाद्या समाजाची स्तुती करणारा ग्रहही किती घातक ठरतो, हे समजून घेण्यासाठी मला याहून जवळचे उदाहरण माहीत नाही.

आपल्या मैदानावर हा ग्रह कोणत्या शब्दांत येतो, ते ऐकण्याची सवय लावावी. 'ती पोरं मुळातच काटक असतात', 'त्याला पळू दे, डोकं लावायचं काम दुसऱ्याला द्या', 'अमक्या घरातला आहे, शिस्तीत राहील', ही वाक्ये बोलणाऱ्याला निरुपद्रवी वाटतात. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ लॉय आणि मॅकएल्व्होग यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की व्यावसायिक अमेरिकी फुटबॉल आणि बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना कडेच्या, वेगाच्या जागा दिल्या जात आणि निर्णय घेण्याच्या मधल्या जागा गोऱ्या खेळाडूंकडे राहत. अमेरिकी फुटबॉलमध्ये संघाची सूत्रे क्वार्टरबॅककडे असतात. त्या जागेवरून सुपर बोल, म्हणजे तिथल्या लीगचा अंतिम सामना, जिंकून देणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, डग विल्यम्स, १९८८ मध्ये दिसला, म्हणजे जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने १९४७ मध्ये गोऱ्यांपुरत्या राखलेल्या बेसबॉलमधली रंगभिंत ओलांडल्यानंतर चार दशकांनी. भिंत पाडल्यावरही आतल्या खोल्या वेगळ्या राहू शकतात, म्हणून वहीतील चौथा रकाना महत्त्वाचा आहे. फुटबॉलमध्ये मध्यरक्षक कोण होतो, कबड्डीत चढाई कोणाला मिळते आणि कोण केवळ कोपरा धरून उभा राहतो, क्रिकेटमध्ये यष्टिरक्षण व कर्णधारपद कोणाकडे जाते, हे तीन वर्षांच्या नोंदींत पाहावे. चौदा वर्षांखालील गटात तर कोणाचीही जागा पक्की करू नये. प्रत्येक मुलाला हंगामात किमान तीन जागांवर खेळवावे आणि ते वेळापत्रक आधीच लिहून ठेवावे.

ग्रह नियमावलीत शिरला की त्याचे पैशांत रूपांतर होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये डोक्याला झालेल्या दुखापतींची भरपाई ठरवताना मेंदूच्या चाचणीसाठी कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ क्षमता कमी धरणारे कोष्टक वापरले जात होते. त्यामुळे त्यांना झालेली हानी कागदावर कमी दिसे आणि भरपाई मिळवणे अवघड होई. हे कोष्टक थांबवण्याचे लीगने २०२१ मध्ये मान्य केले. आपल्या शाळेच्या निवडनियमांतही 'घरची पार्श्वभूमी', 'एकूण व्यक्तिमत्त्व' अशा नावांनी गुण दिले जात असतील, तर ते रकाने काढून टाकावेत.

चाचणीची पद्धत पुढीलप्रमाणे ठेवता येते. मुलांच्या छातीवर फक्त क्रमांक असावेत आणि गुणपत्रिकेवर नाव किंवा आडनाव नसावे. आपल्याकडे आडनाव वाचले की वाचणाऱ्याच्या मनात गाव, भावकी आणि जात एका क्षणात उभी राहते, हे आपण सर्वच जाणतो. गुण दोघांनी स्वतंत्रपणे द्यावेत, आणि शक्य असल्यास दुसरा परीक्षक शेजारच्या शाळेतील असावा. पन्नास मीटर धाव, उभ्याने लांब उडी, येजा धाव यांसारख्या मोजता येणाऱ्या कसोट्या असाव्यात, पण त्यांवरच थांबू नये, कारण या कसोट्यांत लवकर वाढलेली मुले पुढे जातात. शालेय स्पर्धांच्या वयोगटांची गणना १ जानेवारीपासून होते, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमधल्या मुलाहून जवळजवळ वर्षभर मोठा असूनही दोघे एकाच गटात येतात. त्यातच खेड्यापाड्यांत शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसली की १ जून लिहिण्याची जुनी रीत होती. म्हणून एकाच दिवसाच्या कामगिरीवर दार बंद करू नये. तीन आठवड्यांच्या अंतराने दोन चाचण्या घ्याव्यात, आणि मधल्या काळात सर्वांना समान सराव द्यावा. ज्या मुलाने आयुष्यात प्रथमच पायांत बूट घातले आहेत, त्याची पहिल्या दिवसाची धाव त्याच्या क्षमतेविषयी फारसे काही सांगत नाही, तीन आठवड्यांतील सुधारणा सांगते.

निकालाबरोबर प्रत्येक न निवडलेल्या मुलाला कारण सांगावे, आणि ते खेळातील कारण असावे. 'पुढच्या वर्षी बघू' हे कारण नव्हे.

खर्चाचा हिशेब उघडा मांडावा

खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले आणि त्यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. ही कथा कोल्हापुरात प्रत्येक मुलाला सांगितली जाते, आणि त्यांच्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते, हेही सांगितले जाते. त्या त्यागापुढे मान झुकते. परंतु शिक्षक म्हणून या घटनेचा दुसरा अर्थ मला अधिक बोचतो : गुणवान मुलाला पुढे जाण्यासाठी एका भल्या माणसाचे घर गहाण पडावे लागले, कारण दुसरी व्यवस्था नव्हती. खर्डेकरांसारखे प्राचार्य ज्यांना भेटले नाहीत त्या मुलांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

म्हणून हंगामापूर्वी प्रत्येक खेळाचा संपूर्ण खर्च कागदावर आणावा. त्यात प्रवेश शुल्क, प्रवास, गणवेश, बूट, जेवण, डॉक्टरांचा खर्च, सगळे यावे. समग्र शिक्षा योजनेखाली शासकीय शाळांना क्रीडासाहित्यासाठी वार्षिक अनुदानाची तरतूद आहे : प्राथमिक शाळेला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिक व उच्च माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत. ही रक्कम आली का, तिच्यातून काय घेतले आणि ते साहित्य कोणत्या मुलांच्या हाती गेले, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारावे. रक्कम लहान आहे, यात शंका नाही. पण लहान रकमेतून घेतलेले चेंडू कपाटात कुलूपबंद राहणे ही गोष्ट मी अनेक ठिकाणी पाहिली आहे आणि तिचे समर्थन मला करता येत नाही.

बूट आणि गणवेश यांची शाळेने मापानुसार पेटी करावी आणि संघातील सर्वांनी, ज्यांच्या घरी नवे बूट आहेत त्यांनीसुद्धा, त्याच पेटीतून घ्यावेत. 'ज्यांना गरज आहे त्यांनी हात वर करा' या पद्धतीने दिलेली मदत मुले नाकारतात. मी ती नाकारली जाताना पाहिली आहे. सर्वांचे साहित्य एकच असले की कोणावर शिक्का बसत नाही.

आहाराचा प्रश्न अधिक गंभीर आहे आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. नववीत गेल्यावर मुलाचा सराव वाढतो, वजनी खेळांत ताकदीची गरज वाढते, आणि नेमके त्याच वर्षी शाळेतले जेवण थांबते. तालमीतल्या पैलवानाच्या खुराकाला, म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई यांना किती पैसे लागतात, हे कोल्हापुरातील माणसाला सांगावे लागत नाही. ज्या घरात तो खर्च झेपत नाही, तिथला मुलगा कुस्ती सोडतो आणि आपण त्याच्या जिद्दीला दोष देतो. माजी विद्यार्थी, गावातील दूध संस्था, तालीम मंडळ यांच्याकडे पदकविजेत्याच्या सत्काराऐवजी नववी-दहावीतील सर्व सराव करणाऱ्या मुलांसाठी रोजचे दूध, शेंगदाणे, केळी किंवा उकडलेली अंडी यांची मागणी करावी. सत्काराचे फलक आणि हारतुरे यांवर होणारा खर्च पाहता ही मागणी अवास्तव नाही. पुढच्या टप्प्यावर खेलो इंडियासाठी निवडलेल्या खेळाडूला प्रशिक्षणाखेरीज दरमहा १०,००० रुपये भत्ता मिळतो, राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत निवास व प्रशिक्षण मिळते. त्यांची माहिती व चाचण्यांच्या तारखा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून दर महिन्याला घेऊन त्या मराठीत, ठळक अक्षरांत, वर्गावर्गांत लावाव्यात, कारण शिक्षकाच्या ओळखीतल्या दोन पालकांना फोन करून दिलेली माहिती सर्वांपर्यंत पोहोचत नाही.

संघात आल्यानंतरची वागणूक

पालवणकर बाळू हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे भारतातील सर्वोत्तम फिरकी गोलंदाजांपैकी एक होते. चर्मकार समाजात जन्मलेल्या या खेळाडूला पुण्यात सवर्ण सहकाऱ्यांनी आपल्या संघात घेतले, कारण त्याच्याशिवाय इंग्रजांच्या संघाला हरवणे कठीण होते. परंतु चहाच्या वेळी इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांनी ११४ बळी घेतले, तरी मुंबईत धर्मवार संघांत होणाऱ्या स्पर्धेतील हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले.

आज आपल्या संघांत वेगळे भांडे दिसणार नाही. तरीही पाण्याचा पिंप कोण भरतो, जाळी व चेंडूंची पोती दरवेळी कोण उचलतो, मैदान कोण झाडतो, बाहेरगावी डबे उघडले की कोण कोणाच्या ताटात हात घालतो आणि कोण बाजूला बसून खातो, हे बघावे. कामांची पाळी लिहून लावावी आणि कर्णधारालाही तीत ठेवावे. दक्षिण आफ्रिकेसाठी कसोटी खेळणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी खेळाडू मखाया एंटिनी याने २०२० मध्ये सांगितले की संघाच्या बसमध्ये आपल्याशेजारी कोणी बसत नसे, म्हणून तो हॉटेलपासून मैदानापर्यंत धावत जाई आणि परतही धावत येई. लोक त्याच्या धावण्याचे कौतुक करत राहिले. हे वाचल्यापासून स्पर्धेला जाताना टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये कोण कोणाशेजारी बसले आहे, हे मी मागे वळून पाहतो, आणि जागा क्रमांकाने ठरवून देतो. मुले कुरकुर करतात, पण परत येताना ती आपापसांत बोलत असतात.

टोपणनावांबाबत कठोर राहावे. रंगावरून, जातीवरून, शरीरावरून ठेवलेले नाव लाडाने घेतले तरी शिक्षकाने ते तोंडी आणू नये. मैदानावर शिक्षक जे नाव घेतो तेच नाव मूल पुढे दहा वर्षे वागवते. मुलींच्या बाबतीत कपडे बदलण्याची बंद खोली, चालू स्थितीतील स्वच्छतागृह, सॅनिटरी पॅड आणि सोबत एक शिक्षिका, एवढे नसेल तर तो संघ बाहेरगावी नेऊ नये. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत या नेमबाजांच्या जिल्ह्यात हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते.

प्रेक्षकांतून शिवी आली तर

ही कृती आधी ठरवून, सराव करून ठेवावी, कारण त्या क्षणी कोणाला सुचत नाही. जानेवारी २०२१ मध्ये सिडनी कसोटीत मोहम्मद सिराज सीमारेषेवर असताना प्रेक्षकांतून वर्णभेदी शेरे आले. त्याने ते कर्णधाराला सांगितले, पंचांकडे तक्रार गेली, खेळ थांबला आणि काही प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. फुटबॉलमध्ये फिफाने तीन पायऱ्या ठरवल्या आहेत : प्रथम सामना थांबवून ध्वनिक्षेपकावरून ताकीद द्यायची, मग खेळाडूंना आत नेऊन सामना स्थगित ठेवायचा, आणि तरीही प्रकार चालू राहिला तर सामना रद्द करायचा. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये पेठापेठांतील चुरस हा जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि शाळकरी मुले मोठ्यांच्या घोषणा ऐकतच वाढतात. आंतरशालेय स्पर्धेच्या आयोजकांनी याच तीन पायऱ्या नियमपत्रिकेत छापाव्यात. सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना सांगावे की शिवी ऐकू आल्यास प्रतिशिवी न देता पंचाकडे यावे, आणि पंचाने शब्द, वेळ व साक्षीदार यांची जागेवरच नोंद करावी. ज्या मुलाला शिवी दिली गेली त्याला खेळायचे की नाही हे त्यानेच ठरवावे. 'मनावर घेऊ नको' असे त्याला सांगू नये.

शिवी मैदानावरच थांबते असेही नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला हॉकीपटू ठरलेल्या वंदना कटारियाच्या घरासमोर, २०२१ मध्ये उपांत्य सामना हरल्यानंतर, काहींनी जातिवाचक शिवीगाळ केली होती. त्यामुळे पराभवानंतरचे दोन दिवस संघाच्या व्हॉट्सॲप गटांवर आणि वस्तीत काय बोलले जाते, याकडेही शिक्षकाने लक्ष द्यावे.

पालकांनी दाद कशी मागावी

तक्रार लेखी असावी. तारीख, खेळ, काय घडले, कोण उपस्थित होते आणि आपली मागणी काय आहे, एवढे एका पानात लिहावे व दुसऱ्या प्रतीवर शाळेची पोच घ्यावी. मागणी नेमकी असावी : चाचणी पुन्हा घ्यावी, गुणपत्रिका दाखवावी, खर्चाचा हिशेब द्यावा. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार दुर्बल व वंचित घटकांतील बालकांशी भेदभाव होणार नाही, हे पाहणे ही शासनाची व स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. त्याच कायद्याने विनाअनुदानित वगळता इतर शाळांत व्यवस्थापन समिती बंधनकारक केली असून तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. या समितीत वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे. त्या पालकांनी बैठकीत क्रीडा हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला लावावा. तिथे काम झाले नाही, तर शिक्षणाधिकारी आणि जिल्हा क्रीडा अधिकारी यांना पत्र द्यावे. शासकीय व अनुदानित शाळेतील निवडीची कागदपत्रे किंवा अनुदानाचा खर्च माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून मागता येतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क लागत नाही. जातिवाचक अपमान झाला असेल तर तो शाळेत मिटवण्याचा विषय राहत नाही. १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांकडे जाता येते. मूल घाबरलेले असेल तर १०९८ या क्रमांकावर मदत मिळते.

मैदानाबाहेरच्या खुर्च्याही मोजाव्यात

अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, पण एकाही संघाची बहुसंख्य मालकी कृष्णवर्णीय माणसाकडे नाही. मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी किमान एका अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत घ्यावी, असा नियम तिथे २००३ मध्ये आला. पुढे २०२२ मध्ये ब्रायन फ्लोरेस या प्रशिक्षकाने न्यायालयात आरोप केला की निर्णय आधीच झालेला असताना केवळ नियमापुरती आपली मुलाखत घेतली गेली. आपल्या शाळेत कर्णधार, संघ व्यवस्थापक, मानधनावरील प्रशिक्षक नेमताना हा नियम जरूर वापरावा, पण नाव ठरण्यापूर्वी वापरावा आणि मुलाखतीचे गुण लिहून ठेवावेत. निवड समितीत, पंचांच्या यादीत, क्रीडामहोत्सवाच्या व्यासपीठावर कोण बसते, याचीही वहीत नोंद करावी.

शाळेनंतरच्या वाटेची माहितीही याच वयात द्यावी लागते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि दहावी-बारावीत पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. मात्र त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि तेव्हा स्पर्धेची प्रवेशिका, संघाची यादी, निकालपत्र या कागदांची गरज पडते. सुशिक्षित घरात हे कागद जपले जातात, इतर घरांत प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि पावसात भिजते. म्हणून शाळेनेच प्रत्येक खेळाडूची फाईल ठेवावी, तिची एक प्रत दहावीचा दाखला नेताना त्याच्या हातात द्यावी, आणि तिच्यात कोणता कागद कशासाठी लागतो हे एका पानावर लिहून लावावे.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की वहीतील पाचवा रकाना पुन्हा उघडावा आणि मध्येच खेळ सोडलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी जावे. फोन करू नये, जावे. माझ्या अनुभवात पहिल्या भेटीत घरचे लोक अभ्यासाचे कारण सांगतात. चहा होतो, मूल आतल्या खोलीतून बाहेर येते, आणि खरे कारण बहुतेक वेळा आपण निघताना दारात सांगितले जाते. ते घरी येऊन त्याच दिवशी वहीत लिहावे, आणि जूनमधील चाचणीची तारीख ठरवण्यापूर्वी वाचावे.